मांबलमचा बेल, सह्याद्रीचा नरक्या

मद्रासच्या एगमोर स्थानकावरून तांबरमच्या दिशेने निघालेली लोकल गाडी कोडंबाक्कम ओलांडून पुढे गेली, म्हणजे मांबलमचे स्थानक येते. या लोहमार्गाने जुन्या मांबलम गावाचे दोन भाग करून टाकले आहेत. पूर्वेकडचा भाग गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तळे बुजवून आखीव रीतीने वसविण्यात आला आणि त्यागरायनगर या नावाने वैभवास चढला. पश्चिमेकडच्या भागाला असे भाग्य लाभले नाही. तो वेस्ट मांबलम या नावानेच राहिला. अरुंद गल्ल्या, पुष्कळ देवळे, आणि एके काळी सर्व शहराच्या थट्टेचा विषय झालेले डास, ही त्याची जुनी ओळख. परंतु स्थानिक परंपरा या गावाच्या नावाची मोठी गोड उपपत्ती सांगते. येथे पूर्वी बेलाचे मोठे वन होते, म्हणून हे महाबिल्वक्षेत्र, आणि महाबिल्वाचे झाले मांबलम. भाषाशास्त्रज्ञांनी या व्युत्पत्तीपुढे मान डोलवावी की नाही, हा प्रश्न निराळा. एका औषधी वृक्षावरून आपल्या गावाला नाव मिळाले, असे मानण्यात तेथील लोकांना अभिमान वाटतो, एवढे खरे.

अशा वस्तीत ‘नाट्टु मरुंदु कडै’ असावयाचीच. नाट्टु मरुंदु म्हणजे देशी औषध आणि कडै म्हणजे दुकान. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाला या दुकानात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. सुक्कु म्हणजे आपली सुंठ, तिप्पिली म्हणजे पिंपळी, कडुक्काय म्हणजे हिरडा, वसंबु म्हणजे बाळगुटीतील वेखंड, आणि सेरांकोट्टै म्हणजे धोब्याच्या खुणेसाठी आणि पायाच्या भेगेसाठी महाराष्ट्रात घरोघर ठाऊक असलेला बिब्बा. गाठीवर काही आहे काय, सुजेवर काही आहे काय, असा प्रश्न या दुकानांच्या फळीपुढे पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. डॉक्टरांनी ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारल्यानंतर तर तो अधिक आर्तपणे विचारला जातो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा इतिहास मद्रास, मुंबई आणि सह्याद्री या तिन्ही ठिकाणांतून गेलेला आहे, आणि त्यात मराठी मुलखाचा वाटा लहान नाही.

सुजेला आपल्या प्राचीन वैद्यांनी शोथ म्हटले आणि न पिकणाऱ्या, हळूहळू वाढणाऱ्या, खोल रुजलेल्या गाठीला अर्बुद म्हटले. सुश्रुताने हा फरक नेमका टिपलेला आहे. शोथ पिकतो आणि फुटतो, अर्बुद पिकत नाही. आजच्या अर्थाने कर्करोगाचे ज्ञान त्या काळी होते असा दावा करणे अतिरेकाचे होईल. परंतु दोन्ही विकारांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची दृष्टी होती, हे नाकारता येत नाही. युरोपात ही दृष्टी पुष्कळ उशिरा आली. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याने १८६३ मध्ये असा तर्क मांडला की, जेथे सूज दीर्घ काळ रेंगाळते तेथे कर्करोगाला जागा मिळते. हा तर्क जवळजवळ शंभर वर्षे बाजूस पडला होता. तो आता पुन्हा मानाने विचारात घेतला जातो. सूज कमी करणाऱ्या वनस्पतींकडे कर्करोगाचे संशोधक वळतात, त्यामागे हे एक कारण आहे.

दक्षिणेत औषधांची परीक्षा पद्धतशीरपणे करण्याचा एक लक्षणीय प्रयत्न एका मराठी राजाने केला. तंजावरचे सरफोजीराजे भोसले १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. राज्याचा खरा कारभार इंग्रजांकडे गेल्यामुळे त्यांच्या हाती जो वेळ राहिला, त्याचा त्यांनी जो उपयोग केला तो पाहिला म्हणजे पुष्कळशा लढवय्या राजांपेक्षा हा बिनलढाईचा राजा मोठा वाटतो. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या जोडीला त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य एकत्र बसत, औषध देत, आणि गुण आला की नाही याची नोंद ठेवीत. अनुभवाला उतरलेले पाठ तमिळ पद्यात बांधण्यात आले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते सरस्वती महालाने पुढे प्रसिद्ध केले. औषध जुने आहे म्हणून चांगले असे न मानता रोग्यावर काय घडले ते लिहून ठेवावे, ही त्या महालाची शिस्त होती. नंतरच्या काळात तिचा अनेकांना विसर पडला.

त्याच सुमारास मद्रासमध्ये इंग्रज डॉक्टरांचीही नजर देशी मुळ्यांवर गेली होती. व्हाइटलॉ एन्स्ली याने १८१३ मध्ये मद्रास येथे हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरचा आपला ग्रंथ छापला. विल्यम रॉक्सबर्ग याने कोरोमांडल किनाऱ्यावरील एका वेलीविषयी लिहून ठेवले आहे की, तिच्या मुळ्या इपिकाकच्या ऐवजी वापरल्या जातात. ही वेल म्हणजे टायलोफोरा. मराठीत तिला दमवेल किंवा अंतमूळ म्हणतात. दम्यावर तिची पाने चघळण्याची चाल कित्येक ठिकाणी आहे. १८६८ मध्ये निघालेल्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त तिच्या पानांना जागा मिळाली. एवढे होऊनही त्या पानांत कोणते द्रव्य आहे हे कोणास माहीत नव्हते. १९३५ मध्ये रत्नगिरीश्वरन आणि वेंकटाचलम या दोघांनी त्यांतून दोन क्षारद्रव्ये वेगळी काढली आणि त्यांपैकी एकाला टायलोफोरीन असे नाव दिले. द्रव्य हाती आले. परंतु त्याचे अणू एकमेकांशी कसे जोडले आहेत हे कोडे उरलेच.

हे कोडे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात सुटले. मरीनाच्या समुद्रासमोर असलेल्या या लाल इमारतीत टी. आर. गोविंदाचारी हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. जन्म १९१५ चा, मद्रासचाच. याच कॉलेजात बिमान बिहारी डे यांच्या हाताखाली त्यांचे संशोधन झाले, आणि नंतर अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांच्याजवळ काही काळ काम करून ते परतले. साधने तुटपुंजी असलेल्या त्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी एकामागून एक देशी वनस्पतींतील क्षारद्रव्यांची रचना उलगडली. टायलोफोरीनवरचे त्यांचे निबंध १९५४ पासून पुढील काही वर्षांत प्रसिद्ध झाले. १९६० मध्ये रसायनशास्त्रासाठी पहिले शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्याकडे शास्त्रज्ञाची कीर्ती बहुधा परदेशातून परतते. गोविंदाचारींची कीर्ती मात्र येथेच उभी राहिली आणि मग बाहेर गेली.

टायलोफोरीनच्या कुळातील द्रव्ये कर्करोगाच्या पेशींना फार तिखट असतात, हे लवकरच दिसून आले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये वाढणाऱ्या दुसऱ्या एका टायलोफोरातून त्याचेच एक भावंड सापडले होते. त्याचे नाव टायलोक्रेब्रीन. अमेरिकेत १९६६ मध्ये ते रोग्यांना देऊन पाहण्यात आले; पण रोग्यांचा तोल जाऊ लागला, भान हरपू लागले, आणि प्रयोग थांबवावा लागला. गाठीला मारणारे द्रव्य मेंदूलाही सोडीत नव्हते. पुढे मद्रास मेडिकल कॉलेजातील औषधशास्त्र संस्थेत एल. कामेश्वरन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७९-८० च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग करून टायलोफोरीनमुळे सूज उतरते असे दाखविले. तात्पर्य, एकाच पानात सुजेवरचा उतारा आणि गाठीवरचा मारा ही दोन्ही होती, आणि तरीही त्या पानाचे औषध झाले नाही. या इतिहासात अशी उदाहरणे यशस्वी उदाहरणांहून कितीतरी अधिक आहेत. ती सांगितली जात नाहीत, म्हणून प्रत्येक नवा अर्क हा विजयच आहे असा समज पसरतो.

मद्रासमध्ये कर्करोगाच्या रोग्याला त्या काळी जावयास जागा तरी कोठे होती? डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या बहिणीचा अंत या रोगाने झाला होता. ते दुःख मनात ठेवून त्यांनी तीस वर्षे पाठपुरावा केला आणि १९५४ मध्ये अड्यार येथे बारा खाटांची कर्करोग संस्था सुरू झाली. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्येच उघडले होते आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे संशोधनाचा पाया घातला गेला होता. योगायोगाची गोष्ट अशी की, अड्यारची संस्था ज्या वर्षी उघडली त्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये, जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा संसदेने केला. ज्या रोगांवर रामबाण औषध असल्याची जाहिरात करता येत नाही त्या रोगांच्या यादीत कर्करोगाचा समावेश आहे. कायदा झाला खरा. जाहिराती काही थांबल्या नाहीत, त्यांनी केवळ वेष पालटला.

बिब्ब्याची गोष्टही येथेच सांगावयास हवी. सिद्ध वैद्य सेरांकोट्टैचे तूप पूर्वापार देत आले आहेत, आणि महाराष्ट्रातही भल्लातकाचे कल्प प्रसिद्ध आहेत. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एम. पी. चिटणीस आणि त्यांचे सहकारी यांनी बिब्ब्याच्या अर्काचा प्रयोग उंदरांतील गाठींवर करून तो १९८० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे मद्रास विद्यापीठाच्या तारामणी येथील वैद्यकीय संशोधन विभागात पी. सच्चिदानंदम यांच्या मार्गदर्शनाखाली, दुधातुपात सिद्ध केलेल्या बिब्ब्यावर कित्येक वर्षे काम चालले. यकृताचा कर्करोग मुद्दाम उत्पन्न केलेल्या उंदरांत त्याचा गुण दिसला. मांबलमच्या नावाशी ज्याचे नाते सांगतात त्या बेलाचीही अशी परीक्षा झाली आहे. मणिपाल येथे २००५ मध्ये बेलाच्या पानांचा अर्क उंदरांतील गाठींवर वापरून पाहण्यात आला. परंतु उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे. काचेच्या थाळीतील पेशी मारावयास तर साधे मिठाचे तीव्र पाणीही पुरते. त्या थाळीपासून रोग्याच्या खाटेपर्यंतचे अंतर किती आहे, याची हळद ही साक्षीदार आहे. तिच्यातील करक्यूमीन हे द्रव्य सूज उतरविते, हे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल आणि धवन यांनी १९७३ मध्ये दाखविले. मुंबईत डॉ. सातोसकर यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवर ते १९८६ मध्ये रोग्यांना देऊन पाहिले. हळदीचे अमेरिकन पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये रद्द करविले गेले, हा इतिहास मराठी घरांत अभिमानाने सांगितला जातो, आणि तो अभिमान रास्त आहे. पण जिंकलेला वाद होता तो जखमेवर हळद लावण्याच्या ज्ञानाविषयीचा. कर्करोगावर हळद हे मान्यताप्राप्त औषध झालेले नाही. करक्यूमीन पोटातून रक्तात फारच थोडे उतरते, ही त्यातील मुख्य अडचण आहे.

सदाफुलीचे नशीब अधिक चांगले निघाले. कुंपणाकाठी बारा महिने फुलणारे हे झाड, तमिळमधील नित्यकल्याणी, जमेकामध्ये मधुमेहावर काढा म्हणून घेतले जात असे. तेथील पाने १९५२ मध्ये पाकिटातून कॅनडात आली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी अर्क उंदरांना टोचला. साखर उतरली नाही, पण रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या. ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कर्करोगावर हे चालेल, हे त्यांनी ओळखले, आणि त्यातून व्हिनब्लास्टीन व व्हिनक्रिस्टीन ही औषधे निघाली. ग्रॅमभर व्हिनक्रिस्टीनसाठी सुमारे पाचशे किलो सुकी पाने लागतात. ही पाने आणि मुळे पुरविणाऱ्या शेतांत तमिळनाडूच्या दक्षिणेकडील तिरुनेलवेली आणि रामनाथपुरम भागातील कोरडवाहू शेते प्रमुख होती. शेतात लावता येते आणि सहा-आठ महिन्यांत हाती येते, म्हणून सदाफुली वाचली. ज्याला वाढावयास वर्षे लागतात त्या झाडाचे काय झाले, हे पाहिले म्हणजे या भाग्याची किंमत कळते.

त्या झाडाच्या कथेचा आरंभ सुजेपासून होतो. सांधेदुखीने खिळलेले रोगी कॉर्टिसोनमुळे उठून चालू लागल्याचे मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९४९ मध्ये जाहीर केले आणि साऱ्या जगात खळबळ उडाली. कॉर्टिसोन महाग होते. ते तयार करण्यास उपयोगी पडेल असे द्रव्य एखाद्या वनस्पतीत मिळावे, म्हणून अमेरिकेच्या शेतकी खात्याने हजारो वनस्पतींचे अर्क काढावयास सुरुवात केली. फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत हे काम मनरो वॉल यांच्याकडे होते. राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील जोनाथन हार्टवेल यांच्या सूचनेवरून त्यांनी उरलेल्या अर्कांपैकी सुमारे एक हजार अर्क तिकडे पाठविले. त्यांपैकी एक, चीनमधून आणून कॅलिफोर्नियात लावलेल्या कॅम्पटोथेका नावाच्या वृक्षाचा, उंदरांतील रक्ताच्या कर्करोगावर विलक्षण गुणकारी ठरला. सुजेवरचे औषध शोधावयास निघालेल्या माणसाच्या हाती कर्करोगाचे औषध लागले.

वॉल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले, आणि दोन वर्षांनी त्यांना एक सहकारी मिळाला. त्याचे नाव मनसुख वाणी. जन्म १९२५ मध्ये, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे. शिक्षण मुंबई विद्यापीठात आणि नंतर इंडियाना विद्यापीठात. सुमारे वीस किलो लाकूड आणि साल यांतून द्रव्य वेगळे करून त्याची रचना या मंडळींनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याला कॅम्पटोथेसीन हे नाव दिले. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, वाणी आणि वॉल यांनी दुसऱ्या एका वृक्षाच्या सालीतील द्रव्याची रचना जाहीर केली. ते टॅक्सॉल. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगात लाखो स्त्रियांना दिल्या गेलेल्या या औषधाच्या शोधात नंदुरबारच्या एका मुलाचा हात आहे, हे नंदुरबारमध्येही फार थोड्यांना ठाऊक असावे. वाणी २०२० मध्ये, पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले.

कॅम्पटोथेका हा चीनचा वृक्ष. तो मिळावयाचा कोठून? याचे उत्तर मुंबईच्या गोरेगावात निघाले. तेथे १९६३ मध्ये सिबा कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले होते आणि त्याचे संचालक म्हणून मद्रासहून गोविंदाचारी आले होते. आरे कॉलनीच्या शेजारच्या या केंद्रात भारतीय वनस्पतींच्या परीक्षेचे काम वर्षानुवर्षे चालले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी प्रसिद्ध केले की, पश्चिम घाटातील मॅपिया फीटिडा या झाडात कॅम्पटोथेसीन आहे, आणि त्याच्या जोडीला त्याचेच एक भावंड, नऊ-मेथॉक्सी-कॅम्पटोथेसीन, हेही आहे. आणि ते थोडेथोडके नव्हते. सुकलेल्या लाकडात हजारात एक भागाच्या आसपास, म्हणजे रसायनशास्त्रज्ञाच्या हिशेबाने भरपूर होते. चीनच्या वृक्षाशी या झाडाचे दूरचेही सख्य नाही; दोघांची कुळे निराळी. तरी द्रव्य तेच.

हे झाड म्हणजेच आपला नरक्या. महाबळेश्वर, कोयना, आंबोली या बाजूंच्या दाट जंगलात उगवणारे, लहानसेच, कोणाच्या डोळ्यात न भरणारे. पावसाळ्यात फुलांना येणाऱ्या दुर्गंधामुळे मराठीत नरक्या आणि लॅटिनमध्ये फीटिडा, अशी दोन भाषांनी त्याची एकाच मुद्द्यावर निंदा केली आहे. त्याच्या शास्त्रीय नावांतही मुंबई आणि मद्रास यांची जुनी चुरस दिसते. मुंबईचे उपडाकप्रमुख जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची तयार केली. ती छापून होत असतानाच १८३९ मध्ये त्यांचा खंडाळ्यास मृत्यू झाला, आणि उरलेला भाग निम्मो नावाच्या त्यांच्या मित्राने पुरा केला. त्या सूचीत या झाडाला निम्मोचे नाव मिळाले. इकडे मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट यांनी त्याचेच वर्णन दुर्गंधावरून नाव देऊन केले. शंभर वर्षांहून अधिक काळ वाइटचे नाव चालले. आज ग्रॅहॅमचे जुने नाव ग्राह्य धरून झाडाला नोथापोडायटीस निम्मोनियाना म्हणतात. पोथ्यांतील नामांकित औषधींत नरक्याला स्थान नाही. ज्या झाडाकडे वैद्यांनी पाहिले नाही आणि गुराख्यांनी नाक मुरडले, त्याच्या लाकडात हे द्रव्य होते. परंपरेने सांगितलेली प्रत्येक मुळी अमृत असते असे नाही, आणि परंपरेने वगळलेले प्रत्येक झाड निरुपयोगी असते असेही नाही.

गोरेगावची वार्ता प्रसिद्ध झाली ते वर्ष मात्र कॅम्पटोथेसीनच्या दृष्टीने अशुभ होते. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून अमेरिकेत त्याचा सोडियमयुक्त क्षार करून रोग्यांना टोचण्यात आला. त्यासाठी रेणूतील एक वलय उघडावे लागले. वलय उघडले की औषधाचा जोर ओसरतो. आणि मूत्राशयातील आम्ल द्रवात ते वलय पुन्हा मिटले, की त्याचा सारा जहालपणा तेथेच प्रकट होतो. रोग्यांना रक्तस्राव होऊ लागला आणि १९७२ मध्ये हे प्रयोग बंद करण्यात आले. पुढे तेरा वर्षे हे औषध अडगळीत पडले होते. १९८५ मध्ये लेरॉय लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याचे मर्म शोधून काढले. पेशी दुभंगण्यापूर्वी तिच्यातील आनुवंशिक धाग्यांचा पीळ सोडवावा लागतो. दोरीला अती पीळ बसला म्हणजे सुतार जसा एक पदर कापून पुन्हा जोडील, तसे एक विकर त्या धाग्याचा एक पदर कापते, पीळ उतरविते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसीन नेमके या जोडणीच्या क्षणी मध्ये अडकून बसते. पदर तुटलेलाच राहतो, आणि झपाट्याने वाढणारी पेशी मरते. एवढे कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी वलयाला हात न लावता दुसऱ्या बाजूस पाण्यात विरघळणारे शेपूट जोडले. इरिनोटेकान जपानमध्ये १९९४ मध्ये मान्य झाले. १९९६ मध्ये अमेरिकेत ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी आणि टोपोटेकान बीजकोशाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. ही दोन्ही औषधे झाडातून काढलेल्या कॅम्पटोथेसीनपासूनच बनविली जातात.

आणि मग सह्याद्रीत कुऱ्हाडी गेल्या. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील जंगलांतून नरक्याचे लाकूड पोत्यांत भरून बाहेर पडू लागले. त्याच्या ढलप्या परदेशी रवाना होत. चोरून तोडलेले नरक्याचे ट्रक वन खात्याने पकडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. ज्याने झाड तोडले त्या माणसाला किलोमागे काही रुपये मिळत. तयार औषधाच्या कुपीचा भाव त्याने स्वप्नातही ऐकला नसेल. मुळातही द्रव्य असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी झाड मुळासकट उपटले गेले, आणि एरवी खोडाच्या बुंध्यापासून पुन्हा धुमारे फुटण्याची जी आशा असते तीही संपली. घाटातील कित्येक ठिकाणी आज नरक्या शोधावा लागतो, आणि त्याचे नाव संकटग्रस्त वनस्पतींत घेतले जाते. या झाडाचे गुण कळले नसते तर ते सुखाने दुर्गंध पसरवीत उभे राहिले असते.

त्याला वाचविण्याचे मार्गही येथेच शोधण्यात आले. भाभा अणुसंशोधन केंद्रात डी. पी. फुलझेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेच्या भांड्यात नरक्याच्या पेशी वाढवून त्यांतून कॅम्पटोथेसीन मिळविण्याचे प्रयोग केले. जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००५ मध्ये त्याहून चमत्कारिक गोष्ट जाहीर केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या नरक्याच्या सालीत वसती करणारी एक बुरशी स्वतःच हे द्रव्य तयार करते. झाडाला न तोडता पिंपात बुरशी वाढवावी आणि औषध काढावे, अशी आशा निर्माण झाली. परंतु झाडातून बाहेर काढलेली अशी बुरशी पिढ्यामागून पिढ्या वाढविली, की तिची ही शक्ती क्षीण होत जाते, असे नंतरच्या संशोधनात आढळले. झाडाच्या सहवासात जे ती करीत होती ते एकटीने करावयास तयार नव्हती.

गोविंदाचारी निवृत्तीनंतर मद्रासला परतले आणि वयाच्या ऐंशीच्या घरातही निंबाच्या बियांतील द्रव्ये वेगळी करण्यात गढलेले होते. २००१ च्या डिसेंबरात त्यांचा मृत्यू झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये इरिनोटेकानचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला, आणि २०२२ च्या सप्टेंबरात भारत सरकारनेही ते आपल्या राष्ट्रीय यादीत घातले. या यादीतील औषधाच्या किमतीवर सरकारला मर्यादा घालता येते. अड्यारच्या किंवा परळच्या रुग्णालयात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रोग्याला ते शिरेतून थेंबथेंब दिले जाते. त्या बाटलीवर कोठेही नरक्याचे नाव नसते.